विश्वासाचा खेळ आणि ऊसतोडीची उचल

अंतिम प्रस्तावाचा खेळ (1982): व्हेर्नर ग्युथ व सहकाऱ्यांच्या या प्रयोगात एक जण रक्कम वाटतो आणि दुसऱ्याने वाटणी नाकारल्यास दोघांनाही काही मिळत नाही, 20 टक्क्यांहून कमी वाटा अनेकदा नाकारला जातो.

विश्वासाचा खेळ (1995): बर्ग, डिकहॉट आणि मॅककेब यांच्या या खेळात पहिल्याने पाठवलेली रक्कम तिप्पट होऊन दुसऱ्याकडे जाते व परतफेड त्याच्या मर्जीवर राहते, तरीही 32 पैकी 30 जणांनी काही ना काही पाठवले.

उचल: बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांच्या जोडीला, म्हणजे ‘कोयत्या’ला, मुकादम हंगामापूर्वी जी आगाऊ रक्कम देतो ती उचल होय. पैसे आधी व काम नंतर, हे विश्वासाच्या खेळाशी साम्य आहे. मात्र उचल हे फेडायचे कर्ज असते, खेळातील परतफेड ऐच्छिक.

महाराष्ट्रातील प्रयोग: अर्थतज्ज्ञ हान्स बिन्सवँगर यांनी इक्रिसॅट या कृषी संशोधन संस्थेच्या अभ्यासगावांत, ज्यांत सोलापूरचे शिरापूर व कळमण आणि अकोल्याचे कानझरा व किनखेड होते, खऱ्या पैशांवर नाणेफेकीचे खेळ घेतले. 1980 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा विषय विश्वास नव्हे, तर जोखीम होता. रक्कम वाढली तसे बहुतेक शेतकरी सावध झाले, आणि त्यात संपत्तीने फारसा फरक पडला नाही.