सर्जाचा पांढरा

कराडच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत दहा बाय बाराचं दुकान. बाहेर पावसाची भुरभुर, आत मशीनची धग. मी शाळेच्या निरोप समारंभाचे मग न्यायला आलोय. त्यातले सहा अजून व्हायचेत. माझ्या आधी एक आबा स्टुलावर बसलेत. टोपी भिजलेली, हातात मोबाइल, मोबाइलवर बैल.

भिंतीवर कीचेन लटकताहेत. निम्म्यांवर देवदेवता, निम्म्यांवर शर्यतीचे बैल. 2021च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं शर्यतींना परवानगी दिली, तेव्हापासून बैलांचं काम वाढलंय, असं दुकानातला पोरगा सांगतो.

आबांचा बैल खिल्लार. अंग पांढरंशुभ्र, शिंगं तांबडी रंगवलेली, पाठीवर हिरवी झूल. खाली नाव हवंय, ‘सर्जा’. आणि फोटो हवाय काचेसारख्या आरपार अ‍ॅक्रिलिकवर.

प्रिंटरमधून कागद बाहेर येतो. चित्र धुवून धुवून विटलेल्या लुगड्यासारखं. आबांचा चेहरा पडतो. “आबा, तापल्याबिगर रंग उठत न्हाई,” पोरगा म्हणतो.

मला एक गोष्ट खटकते. माझ्या मगांचे कागद बाजूला पडलेत, त्यांवरची अक्षरं उलटी. ‘सर्जा’ मात्र सरळ. विचारतो तर पोरगा हसतो. “मगावर जिथं छापतो तिथंच बघायचं, म्हणून उलटं. ह्याला मागनं छापायचं आणि म्होरनं बघायचं, म्हणून सरळ.”

तो तीन मिलिमीटरच्या तुकड्यावरची संरक्षक फिल्म सोलतो, दोन्ही बाजूंची. लेपाची बाजू उजेडात तिरकी धरून ओळखतो, कारण रंग धरतो तो लेप. कागद त्यावर पालथा घालून कोपरे तपकिरी टेपनं चिकटवतो. कागद केसभर सरकला तर बैलाला दोन नाकं येतात म्हणे.

मशीनच्या आकड्यावर मगांचे 190 अंश आहेत. तो ते 165 वर आणतो आणि थांबतो. टेबलाखालून एक वाया गेलेला तुकडा काढून मला दाखवतो. कौलासारखा वाकलेला, कडेला बुडबुडे. अ‍ॅक्रिलिक साधारण 105 अंशांनाच मऊ पडायला लागतं. शाईला मात्र त्याहून बरीच जास्त धग लागते. दोघांचं जमवून घ्यायचं, तेही दीड-दोन मिनिटांत.

दांडा खाली येतो. आत काय चाललंय ते दिसत नाही, पण आरतीच्या तबकात न पेटवता राहिलेला कापूर आठवावा: वितळत नाही, घनाचा थेट वायू होतो. इथं शाईचा तसा वायू होतो आणि लेपात शिरून बसतो. म्हणून रंग नखानं खरवडून निघत नाही.

शंभर सेकंद. मशीन पीं-पीं करतं. पोरगा हातमोजे घालून तुकडा उचलतो, तर तो तव्यावरून काढलेल्या घावनासारखा लवतो. तो कागदासकट दोन शहाबादी फरश्यांच्या मध्ये जातो. वर लोखंडी वजन. गार होईपर्यंत असाच दाबून ठेवला नाही तर त्याचंही कौल होणार. आबा फरशीकडे टक लावून बसतात.

मग कागद निघतो. शिंगं भडक तांबडी, झूल हिरवीगार, ‘सर्जा’ काळाकुळकुळीत. आणि बैल? बैलाच्या जागी भिंतीवरचं कॅलेंडर दिसतंय. डोळा आहे, खुराचा काळा आहे, वशिंडाची करडी सावली आहे. मधलं अंग काच.

“माझा बैल कुठं गेला?”

“ह्या शाईत पांढरा रंग नसतोच, आबा. कागदावर कागदच पांढरा असतो. हितं मागं कायच न्हाई.”

आबा उठून तुकडा दाराकडे धरतात. बाहेरचं ढगाळ आभाळ बैलात भरतं आणि सर्जा पांढरा होतो. हात खाली येतो, बैलात समोरच्या दुकानाची पाटी.

पोरगा पांढऱ्या स्टिकरचा रोल काढतो. “मागनं लावतो. सगळ्या फोटूला लावू का?”

“नुस्त्या बैलाला न्हाई का लावता येत?”

“येतंय. कापायला टाइम लागंल.”

“लागू दे.”

ब्लेड शिंगापासून सुरू होतं, वशिंडावर चढतं, शेपटीपाशी हळू होतं. माझे मग तसेच राहिलेत, पण मीही काही बोलत नाही. आबा आता माझ्याशी बोलतात. त्यांचा पोरगा पुण्यात कंपनीत आहे, बेंदराला रजा मिळत नाही. हे त्याच्या टेबलावर ठेवायला.

“मग सगळंच पांढरं केलं असतं तर उठून दिसलं असतं,” मी म्हणतो.

आबा मान हलवतात. “बाकीच्यातनं तिकडची भिंत दिसली तर दिसू दे. बैलातनं दिसायला नगं.”