खिशांतील आवाजाचें दप्तर

तालुका कचेरींत २८ वर्षें दप्तर सांभाळणाऱ्या मनुष्याच्या हातून स्वतःच्या खिशांतील दप्तराची नासाडी व्हावी, ही लाजेची गोष्ट खरी. परंतु ती इतरांस उपयोगी पडेल म्हणून सांगतों. गेल्या वर्षीं स्मार्टफोनमध्यें जागा उरली नाहीं, म्हणून मीं व्हॉट्सॲपच्या ‘व्हॉइस नोट्स’ फोल्डरांतील सर्व फायली एकदम पुसल्या. त्यांत कैलासवासी वडील बंधूंनीं मळ्याच्या चतुःसीमा स्वमुखें सांगितलेला निरोपही गेला.

सबब शेतकरी बंधूंनीं पुढील व्यवस्था ध्यानांत ठेवावी. अँड्रॉइड फोनांत ‘रिंगटोन्स’, ‘अलार्म्स’ व ‘नोटिफिकेशन्स’ असे तीन निरनिराळे रुमाल असतात. जो आवाज ज्या कामाचा, त्याची फाईल त्याच रुमालांत ठेवावी. म्हणजे ती निवडीच्या यादींत दिसते. फोनबरोबर आलेले मूळ आवाज कुलुपबंद भागांत असतात. ते पुसण्याची खटपट व्यर्थ होय. एखाद्या फोल्डरांतील आवाज गाण्यांच्या यादींत येऊं नयेत असें वाटल्यास, आरंभीं टिंब देऊन इंग्रजी अक्षरांत ‘नोमीडिया’ नांवाची रिकामी फाईल त्यांत ठेवावी.

२०२१ सालच्या बाराव्या आवृत्तीपासून ध्वनिमुद्रणांकरितां ‘रेकॉर्डिंग्ज’ हा स्वतंत्र फोल्डर झाला आहे. महत्त्वाच्या बोलण्याची नक्कल तेथें करून तीस नांव व तारीख द्यावी. दुसरी नक्कल मेमरी कार्डावर अथवा संगणकावर ठेवावी. दोन्ही वाजवून पाहाव्या, आणि मगच मूळ फाईल पुसावी.

मळ्याच्या सीमा मोजणीच्या नकाशांत सांपडतील. बंधूंचा आवाज मात्र कोणत्याही कचेरींत अर्ज करून मिळावयाचा नाहीं.