दोन नंबर, एक खिसा



परवा गट ऑफिसात एक जुने सभासद चिटबॉयला विचारत होते, "आरं बाळा, माझ्या उसाच्या वजनाचा मेसेज कसा आला न्हाई?" नोंदीत नंबर बरोबर होता. पण त्या कार्डात चार महिने पैसेच घातले नव्हते. "दोन-दोन फोन कुठनं पोसायचे सांगा!" आबांचं हेही खरंच आहे.

दोन नंबर हौसेपोटी नसतात. एक बटणाचा फोन मळ्यात, दुसरा मोठा फोन घरी मुलांच्या अभ्यासाला. गगनबावडा, शाहूवाडीच्या डोंगरात तर एका कंपनीची रेंज असते तिथं दुसरीची नसते. २००३ साली येणारे फोन फुकट झाले, पुढे हळूहळू नुसतं कार्ड बाळगायला फारसा खर्च राहिला नाही. २०१८ च्या अखेरीस खाजगी कंपन्यांनी किमान रिचार्ज सक्तीचा केला आणि जुलै २०२४ मध्ये दरही चढवले. तेव्हा थोडा हिशेब मांडू.

पहिली गोम २८ दिवसांची. २८ गुणिले १२ म्हणजे ३३६. वर्षाचे २९ दिवस उरतात, म्हणून रिचार्ज १२ नव्हे, १३ करावे लागतात. १०० रुपयांचा पॅक धरला तर १,२०० नव्हे, १,३०० गेले.

दुसरी गोष्ट आपल्या धंद्याची. उसाचं बिल हंगामात येतं आणि रिचार्ज मात्र ऐन पावसाळ्यात, खिसा रिकामा असताना दारात उभा राहतो. म्हणून बिल जमा झालं, सोसायटीचं वळतं झालं, की मुख्य नंबरचा लांब मुदतीचा पॅक एकदाच मारून मोकळं व्हावं. मुख्य नंबर कोणता? जो आधार, बँक, पीएम-किसान आणि कारखान्याच्या नोंदीला आहे तो. बाकी काही बंद पडलं तरी चालेल, हा पडता कामा नये.

मळ्यातल्या फोनला इंटरनेट लागत नाही. मग त्याचे पैसे कशाला भरायचे? डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम बदलून फक्त बोलणं आणि एसएमएस असलेले पॅक देणं कंपन्यांना बंधनकारक केलं. अशा पॅकची कमाल मुदतही ९० वरून ३६५ दिवस केली. दुकानदार आपणहून सांगेलच असं नाही. "नेट नसलेला पॅक दे" असं स्पष्ट मागा.

ट्रायच्या २०१३ च्या नियमाप्रमाणे प्रीपेड नंबर ९० दिवस अजिबात वापरला नाही, तरच तो बंद करता येतो. खात्यात किमान २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून आणखी ३० दिवस मिळतात. पण नंबर आपल्या नावावर राहणं वेगळं आणि त्यावर ओटीपी येणं वेगळं. पॅक संपला की आधी जाणारे फोन थांबतात, मग येणारेही.

सर्वांत मोठा धोका पुढेच आहे. बंद पडलेला नंबर काही काळाने कंपनी दुसऱ्याला देते. तुमच्या बँकेचे मेसेज मग परक्याच्या हातात! म्हणून नंबर सोडायचाच असेल तर आधी बँक, आधार आणि आपल्या शेती विभागात नवा नंबर नोंदवा, आणि मगच जुना सोडा. नुसती रेंज नाही म्हणून नवं कार्ड घेऊ नका. तोच नंबर ठेवून कंपनी बदलता येते. त्यासाठी पोर्ट असं इंग्रजीत लिहून, जागा सोडून आपला नंबर टाकून १९०० वर एसएमएस करावा लागतो.

रिचार्ज संपण्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, दुधाचा हिशेब लिहितो तशी. आणि गट ऑफिसला याल तेव्हा आपल्या नावापुढचा नंबर चालू आहे का, एवढं विचारून जा. ऊस वर्षभर राबून पिकवायचा आणि बिलाचा निरोप बंद फोनवर जायचा, असं कुणाचं होऊ नये.