लाल गोळ्यांनी बाळ काळं होत नाही

"त्या लाल गोळ्या खाऊ नको, बाळ काळं होतं," असं घरातल्या मोठ्या बाईनं सांगितलं की आशाताईंनी दिलेलं पाकीट कपाटातच राहतं. लोहाच्या गोळीनं काळी होते ती शी. न शोषलेलं लोह तिच्यावाटे बाहेर पडतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बाळाचा रंग आईवडिलांकडून येतो.

"दिवस गेल्यावर रक्त कमी होणारच" हे अर्धंच खरं. गरोदरपणात रक्तातलं पाणी तांबड्या पेशींपेक्षा जास्त वाढतं, म्हणून हिमोग्लोबिन थोडं उतरतं. पण ते 11 ग्रॅमच्या खाली गेलं की तो रक्तक्षय, आणि 7 च्या खाली तीव्र रक्तक्षय. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 52.2 टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला. इतक्या जणींना आहे म्हणून तो साधा ठरत नाही. बाळंतपणात रक्तस्राव वाढला तर अशा बाईच्या जिवावर बेततं. बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं होण्याची भीतीही वाढते.

सगळ्यात चिवट समज बीट-खजुराचा. गरोदर बाईला रोज सुमारे 27 मिलिग्रॅम लोह लागतं; 100 ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही नसतं. लालभडक रसानं रक्त वाढत नाही. पालेभाज्या, कडधान्यं, मटण, मासे जरूर खावेत, पण आधीच कमी झालेलं रक्त नुसत्या खाण्यानं भरून निघत नाही. सरकारी गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान 180 दिवस, आणि बाळंतपणानंतरही तितकेच दिवस. रक्तक्षय असेल तर डॉक्टर दोन देतात. हिमोग्लोबिन वाढलं म्हणून मध्येच थांबू नये; शरीरातला साठा भरायचा असतो.

मळमळतं म्हणून गोळी टाकणाऱ्या बाईला रागावू नका. रात्री जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो. लिंबूपाण्यासोबत चालते, चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी मात्र दोन तास लांब ठेवावी.

शिरेतून लोह देणं म्हणजे रक्त चढवणं नव्हे. गोळ्या सोसत नसतील किंवा दिवस भरत आले असतील तर आयर्न सुक्रोजसारखं औषध सलाईनमधून देतात. महिनाभर नियमित गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन एक ग्रॅमनं वाढलं नाही, तर कारण दुसरं असू शकतं. सिकलसेल हा रक्ताचा आजार जिथे जास्त आढळतो त्या गडचिरोली, नंदुरबारकडे अशा वेळी त्याची तपासणी झाली आहे का, हे डॉक्टरांना विचारावंच.