मॅडिसन काउंटीचे छपराचे पूल

देवळाला सभामंडप असावा, धर्मशाळेवर कौलें असावींत, हें कोणालाहि समजतें. पण नदी ओलांडण्यासाठीं बांधलेल्या पुलाला भिंती आणि छप्पर कशाला? अमेरिकेंतील आयोवा संस्थानांत मॅडिसन नांवाची एक काउंटी, म्हणजे आपल्याकडील तालुक्यासारखा मुलूख, आहे. तेथें असे सहा लांकडी पूल आजहि उभे आहेत. एके काळीं ते १९ होते.

छपराचें कारण अगदीं घरगुती आहे. पुलाच्या तळाचीं जाड लांकडें पावसानें व बर्फानें कुजलीं म्हणजे तीं बदलण्यास फार खर्च येई. उलट बाजूच्या फळ्या आणि छप्पर यांचें लांकूड स्वस्त. तेव्हां महाग लांकडावर स्वस्त लांकडाचें पांघरूण घालावें, असें काउंटीच्या कारभाऱ्यांनीं ठरविलें. नव्या गादीला जुन्या लुगड्याची खोळ शिवणाऱ्या आमच्या आजींना हा हिशेब समजावून सांगण्याची गरज पडली नसती!

हा सारा मुलूख पूर्वीं उंच गवताचा माळ होता. झाडें काय तीं बहुधा नदीनाल्यांच्या कांठीं. सॉक व मेस्क्वाकी या मूळ रहिवाशांची ही भूमि १८४२ च्या तहानें त्यांच्या हातून गेली, आणि ऑक्टोबर १८४५ पर्यंत त्यांना ती सोडावी लागली. दुसऱ्याच वर्षीं गोऱ्या वसाहतवाल्यांची काउंटी स्थापन झाली, आणि १८४९ सालीं विंटरसेट हें तिचें मुख्य गांव वसलें. इतक्या त्वरेनें एकाचा उंबरठा दुसऱ्याचा झाला. मेस्क्वाकींनीं पुढें १८५७ सालीं आयोवांतीलच टामा काउंटींत ८० एकर जमीन पैसे मोजून विकत घेतली; त्यांचे वंशज अद्याप तेथें नांदत आहेत. स्वतःच्याच देशांत जागा विकत घेण्याची पाळी यावी, यावर अधिक काय लिहावें!

नव्या शेतकऱ्यांनीं गवत नांगरून टाकलें. पण माल बाजारांत न्यावयाचा तर वाटेंत नद्या आडव्या. म्हणून १८७० पासून पुढें हे पूल उभे राहिले, आणि ज्याचें घर जवळ त्याचें नांव पुलाला पडलें. त्यांपैकीं बरेच बेंटन जोन्स नांवाच्या कारागिराच्या हातचे आहेत. १८८० चा हॉलिवेल पूल सर्वांत लांब, १२२ फूट. १८८३ चा रोझमन १०७ फूट. रॉबर्ट जेम्स वॉलर यांची १९९२ ची कादंबरी आणि तीवरून निघालेला १९९५ चा चित्रपट यांमुळें या पुलांची कीर्ति जगभर झाली. पाहुण्यांची रीघ लागली.

लांकडाचा पाण्यापासून बचाव झाला. आगीपासून कसा व्हावा? मॅकब्राइड पूल १९८३ सालीं जाळला गेला, तो पुन्हा उभा राहिला नाहीं. १८८३ चा सीडर पूल २००२ सालीं कोणी तरी पेटविला. लोकांनीं जुन्याच आराखड्याप्रमाणें तो २००४ पर्यंत पुन्हा बांधला. २०१७ सालीं कांहीं तरुणांनीं तो दुसऱ्यांदां जाळला, आणि २०१९ मध्यें तो तिसऱ्यांदां उभा राहिला. एवढ्याशा ७६ फुटांच्या पुलासाठीं दोनदां एवढी खटपट! काउंटीची लोकसंख्या २०२० च्या शिरगणतींत अवघी साडेसोळा हजार भरली, हें ध्यानांत घेतलें म्हणजे तिचें मोल कळतें. जुनें लांकूड गेलें, आतां ही नुसती नक्कल, असें एखादा चिकित्सक म्हणेल. पण देवळाचा जीर्णोद्धार झाला म्हणून देव बदलला, असें आपल्यापैकीं तरी कोणी मानीत नाहीं.

या काउंटीची एक वस्तु मात्र आपल्या फराळाच्या ताटापर्यंत येऊन पोंचली आहे. पेरू गांवाजवळ जेसी हायट नांवाच्या शेतकऱ्याच्या बागेंत सफरचंदाचें एक रोप ओळ सोडून भलत्याच जागीं उगवलें. त्यानें तें दोनदां छाटलें. तें पुन्हा फुटलें, तेव्हां त्यानें तें राहूं दिलें. १८९३ सालीं मिसुरी संस्थानांतील स्टार्क बंधूंच्या प्रदर्शनांत त्याचें फळ सर्वांना आवडलें, पण नांवाची चिठ्ठीच हरवली! दुसऱ्या वर्षीं हायटनें पुन्हा फळें पाठविलीं तेव्हां कोठें मालकाचा पत्ता लागला. हेंच तें ‘डिलिशस’. मूळचे अमेरिकन, पण आपल्या स्वातंत्र्याच्या चळवळींत तुरुंगवास भोगलेले सत्यानंद स्टोक्स यांनीं १९१६ च्या सुमारास त्याचीं कलमें सिमल्याजवळ कोटगढच्या डोंगरांत आणून लावलीं, आणि तेथून तें हिमाचलभर पसरलें.

हायटच्या बागेंतील मूळ झाड १९४० सालच्या कडाक्याच्या थंडींत मेलें. कांहीं काळानें त्याच्या बुंध्याशीं, मुळापासून, नवा धुमारा फुटला.