पर्जन्यनोंदींच्या डेटाबेसमधील दिनांक व वेळेची मांडणी : शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या संदर्भात

बीजसंज्ञा : दिनांक-स्वरूप, कालनोंद, भारतीय प्रमाणवेळ, पर्जन्यदिन, डेटाबेस लॉग

प्रस्तावना :

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले, भरपूर पावसाचे तालुके आहेत. मुंबईला पाणी पुरविणारी भातसा व तानसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. माळशेज घाटाच्या बाजूने येणारी मुरबाडची काळू नदी आणि शहापूरची भातसा नदी यांचे पाणी अखेर उल्हास नदीत जाते. म्हणून या दोन तालुक्यांत पाऊस किती पडला याबरोबरच तो नेमका केव्हा पडला, ही माहिती टिटवाळा-कल्याण परिसरातील लोकवस्तीच्या दृष्टीने तितकीच महत्त्वाची ठरते.

पावसाच्या नोंदी पूर्वी वहीत होत असत. आता त्या स्वयंचलित केंद्रे, स्प्रेडशीट व डेटाबेस यांच्याद्वारे साठविल्या जातात आणि महाविद्यालयीन प्रकल्पांतही वापरल्या जातात. मिलिमीटरचा आकडा बहुधा तपासला जातो. दिनांकाचा रकाना मात्र आपोआप बरोबर असेल असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक कोठे चुकते आणि सॉफ्टवेअरमध्ये दिनांक व वेळेची मांडणी कशी निश्चित करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१) दिनांकाच्या स्वरूपातील संदिग्धता :

महाराष्ट्रात दिनांक दिवस-महिना-वर्ष या क्रमाने लिहिला जातो. अनेक संगणकप्रणाली मात्र अमेरिकेतील महिना-दिवस-वर्ष हा क्रम मूलतः गृहीत धरतात. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. शहापूर व मुरबाड ठाण्यातच राहिले. ‘०१/०८/२०१४’ असा लिहिलेला हा दिनांक अमेरिकी क्रमाने वाचल्यास ८ जानेवारी २०१४ होतो. विभाजनापूर्वीच्या व नंतरच्या नोंदी या दिनांकावरून वेगळ्या केल्यास जवळजवळ सात महिन्यांच्या नोंदी चुकीच्या गटात जातात.

या चुकीची व्याप्ती गणिताने काढता येते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत १२२ दिवस असतात. त्यांपैकी प्रत्येक महिन्याच्या पहिल्या १२ दिवसांचे, म्हणजे एकूण ४८ दिनांक दोन्ही क्रमांनी वाचता येतात. ६ जून, ७ जुलै, ८ ऑगस्ट व ९ सप्टेंबर हे चार दिनांक उलट वाचूनही बदलत नाहीत. उरलेले ४४ दिनांक चुकीच्या ठिकाणी जातात. त्यांतील ३२ दिनांक पावसाळ्याबाहेर पडतात. उदाहरणार्थ, ३ जुलैचा पाऊस ७ मार्चला दिसतो आणि ही विसंगती लक्षात येऊ शकते. परंतु १२ दिनांक पावसाळ्यातच राहतात. ७ ऑगस्टचा पाऊस ८ जुलैला नोंदला गेला तर आलेखावर काहीही वावगे दिसत नाही. अशी चूक सर्वांत घातक होय. राहिलेल्या ७४ दिनांकांत दिवसाचा आकडा १२ पेक्षा मोठा असल्याने ते उलट वाचताच येत नाहीत. काही प्रणाली त्रुटीचा संदेश देतात, तर स्प्रेडशीटमध्ये ते निव्वळ मजकूर म्हणून राहतात व पुढील गणनेतून निसटतात.

२) साठवण व प्रदर्शन यांतील भेद :

डेटाबेसमध्ये दिनांक हा मजकूर म्हणून न साठविता दिनांक-प्रकारच्या रकान्यात साठवावा, हे पहिले तत्त्व होय. पडद्यावर तो कसा दिसावा, हा स्वतंत्र प्रश्न आहे. मजकूर म्हणून साठविलेले ‘०२/०९’ व ‘१५/०६’ हे दिनांक क्रमाने लावल्यास सप्टेंबर जूनच्या आधी येतो. काही नोंदी देवनागरी अंकांत व काही रोमन अंकांत असतील तर संकेतांकांच्या क्रमवारीत सर्व देवनागरी नोंदी शेवटी जातात.

देवघेवीसाठी वर्ष-महिना-दिवस हा क्रम सर्वांत निर्धोक आहे. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ८६०१ हे १९८८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले व त्यात हाच क्रम स्वीकारला आहे. त्यात मोठे एकक आधी येत असल्याने अक्षरक्रम व कालक्रम एकच राहतात. तथापि प्रत्येक प्रणालीची मांडणी तपासणे आवश्यक आहे. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ‘डेटस्टाइल’ या मांडणीवरून संदिग्ध दिनांकाचा अर्थ ठरतो. ओरॅकलमध्ये ‘एनएलएस डेट फॉरमॅट’ हे काम करते. एसक्यूएल सर्व्हरच्या जुन्या ‘डेटटाइम’ प्रकारात भाषा ब्रिटिश इंग्रजी असल्यास ‘२०१९-०७-०५’ हा दिनांकदेखील ७ मे असा वाचला जातो. तेथे मधल्या रेघा गाळून आठ अंक सलग लिहिणे योग्य ठरते.

३) प्रमाणवेळ व लॉगमधील वेळ :

भारतीय प्रमाणवेळ जागतिक समन्वित वेळेच्या ५ तास ३० मिनिटे पुढे आहे. सर्व्हर जागतिक वेळेवर चालत असेल आणि कालनोंदीतून केवळ दिनांक वेगळा काढला, तर मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतची प्रत्येक घटना आदल्या दिवसावर जाते. रात्रीत वाढलेली नदीची पातळी अभ्यासताना हा दोष गंभीर ठरतो.

मायएसक्यूएलमध्ये ‘टाइमस्टँप’ प्रकार वेळ जागतिक वेळेत रूपांतरित करून साठवितो व परत देताना जोडणीच्या कालविभागानुसार बदलतो. ‘डेटटाइम’ प्रकार दिलेले आकडे जसेच्या तसे ठेवतो. हे दोन्ही प्रकार एकाच तक्त्यात नकळत मिसळल्यास साडेपाच तासांचा फरक उद्भवतो. याशिवाय ‘टाइमस्टँप’ची मर्यादा १९ जानेवारी २०३८ रोजी संपते. डेटाबेसच्या स्वतःच्या लॉगचीही वेगळी मांडणी असते. मायएसक्यूएलच्या ५.७ आवृत्तीपासून त्रुटींचा लॉग मूलतः जागतिक वेळेत लिहिला जातो. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ‘लॉग टाइमझोन’ ही मांडणी जोडणीच्या कालविभागापेक्षा स्वतंत्र असते. केंद्राकडून माहिती येणे केव्हा थांबले हे लॉगवरून शोधताना आधी ही मांडणी पाहिली पाहिजे.

घाटातील केंद्रांबाबत आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. संपर्क तुटल्यास माहिती काही तासांनी एकदम सर्व्हरवर पोहोचू शकते. त्यामुळे निरीक्षणाची वेळ व नोंद पोहोचण्याची वेळ असे दोन वेगळे रकाने ठेवावेत. या दोहोंतील अंतर अकस्मात वाढले किंवा ऋण झाले, तर उपकरणाचे घड्याळ तपासण्याची सूचना मिळते.

४) ‘पर्जन्यदिन’ ही संकल्पना :

दिनांकाचे स्वरूप व प्रमाणवेळ अचूक असूनही एक प्रश्न उरतो : दिवस कोठे सुरू होतो? भारतीय हवामान खात्याचा पर्जन्यदिन सकाळी ८.३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८.३० असा असतो आणि पावसाचा आकडा मोजणीच्या, म्हणजे अखेरच्या दिवसाच्या नावे नोंदला जातो. २६ जुलै २००५ चा महापूर याचे ठळक उदाहरण आहे. सांताक्रूझ येथील ९४४ मिलिमीटर पाऊस २७ जुलैच्या सकाळी ८.३० वाजता संपणाऱ्या २४ तासांचा होता. लोकस्मृतीतील दिनांक २६, तर मोजणीचा दिनांक २७ आहे. त्याच अतिवृष्टीत उल्हास नदीला आलेल्या पुराचा अभ्यास करताना पावसाचा तक्ता पर्जन्यदिनाचा व पातळीचा तक्ता मध्यरात्रीच्या दिवसाचा घेतला, तर पूर आधी व पाऊस नंतर असा भ्रामक निष्कर्ष निघू शकतो. मुंबई महानगरपालिकेचा जलसाठ्याचा दैनिक अहवाल तर सकाळी ६ वाजताची स्थिती दर्शवितो. अशा रीतीने एकाच दिनांकाच्या नावाखाली तीन निरनिराळे दिवस वावरतात.

सुदैवाने सकाळचे ८.३० म्हणजे जागतिक वेळेनुसार बरोबर ३.०० वाजता. त्यामुळे निरीक्षणाच्या जागतिक वेळेतून ३ तास वजा करून मिळालेल्या दिनांकात एक दिवस मिळविला की पर्जन्यदिन मिळतो. मात्र कालनोंद ही मोजणीच्या कालखंडाची सुरुवात दर्शविते की शेवट, हे आधी ठरवावे. शेवट दर्शविणारी ८.३० ची नोंद संपलेल्या दिवसाची असते आणि वरील सूत्र तिला पुढच्या दिवशी ढकलेल. अशा ठिकाणी प्रथम कालखंडाची सुरुवात काढून मग सूत्र लावावे.

५) जुन्या नोंदींचे संगणकीकरण :

जुन्या वह्यांतील दोन अंकी वर्षेही फसवी असतात. ‘६५’ हे वर्ष मायएसक्यूएल २०६५ असे समजते, तर ओरॅकलचा ‘आरआर’ संकेत १९६५ असे समजतो. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्या ३९ मिनिटे मागे होती व शहरात ती १९५५ पर्यंत काही प्रमाणात टिकून राहिली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घड्याळे एक तास पुढे केली होती. म्हणून जुनी वेळ भरताना मूळ नोंद जशी लिहिली आहे तशी वेगळ्या रकान्यात जतन करावी. रूपांतरित वेळ तिच्या शेजारी असावी.

निष्कर्ष :

१. दिनांक मजकूररूपात न साठविता दिनांक-प्रकारात साठवावा. देवघेव वर्ष-महिना-दिवस या क्रमाने चार अंकी वर्षासह करावी. मराठी वाचकासाठी दिवस-महिना-वर्ष हे रूप केवळ प्रदर्शनाच्या वेळी द्यावे.
२. स्वयंचलित निरीक्षणाची वेळ जागतिक वेळेत किंवा ‘+०५:३०’ या फरकासह नोंदवावी. सर्व्हर, जोडणी व लॉग यांचे कालविभाग लेखी नमूद करावेत.
३. पर्जन्यदिन हा स्वतंत्र रकाना असावा व त्याची व्याख्या तक्त्यासोबत द्यावी.
४. नोंदी आयात केल्यावर १२ तारखेनंतरचे दिनांक गळले आहेत काय आणि कोरड्या महिन्यांत पाऊस दिसतो काय, हे प्रथम तपासावे.

ही मांडणी ठरविण्यास प्रकल्पाच्या आरंभी थोडा वेळ पुरतो. नोंदी साचल्यानंतर मात्र ७ ऑगस्टचा पाऊस ८ जुलैपासून वेगळा काढण्यासाठी मूळ वहीच शोधावी लागते, आणि स्वयंचलित केंद्राला अशी वही नसते.