आधी थांबणे, मग घसरणे

दुबईत उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो, तेव्हाही ‘मॉल ऑफ द एमिरेट्स’मधील काचेपलीकडे बर्फ पसरलेला असतो. २००५ मध्ये सुरू झालेल्या ‘स्की दुबई’चे क्षेत्रफळ सुमारे २२,५०० चौरस मीटर असून पाच उतारांपैकी सर्वांत लांब उतार ४०० मीटरचा आहे. व्यापारानिमित्त वा सहलीसाठी दुबईस जाणारी महाराष्ट्रातील कुटुंबे हे दालन हौसेने पाहतात. पाहणे आणि शिकणे यांत मात्र पुष्कळ अंतर आहे.

शिक्षणाचा प्रारंभ बर्फावर नव्हे, तर साहित्य मिळते त्या खिडकीपाशी होतो. बूट आणि स्की यांना जोडणाऱ्या पकडीस बाइंडिंग म्हणतात. पडताना पाय पिरगळू लागला, की ती आपोआप सुटावी, अशी तिची रचना असते. किती जोर पडल्यावर सुटावी, हे वजन, उंची, वय आणि कौशल्य यांवरून ठरवले जाते. संकोचापोटी कोणी स्वतःस सराईत म्हणवले, तर पकड अधिक घट्ट बसवली जाते आणि ती वेळेवर न सुटल्यास गुडघ्याच्या अस्थिबंधांना इजा होऊ शकते. कर्जाच्या अर्जात पत फुगवून सांगणाऱ्यास हप्ते थकल्यावर जे कळते, ते येथे पहिल्याच पडण्यात कळते.

नवशिक्यास सर्वप्रथम थांबणे शिकवतात. स्कीची पुढील टोके जवळ आणि मागील टोके दूर ठेवली, की आतल्या कडा बर्फात रुततात व वेग मंदावतो. टाचा जितक्या बाहेर रेटाव्यात, तितका अडसर वाढतो. याच स्थितीत डाव्या पायावर भार दिला, की वळण उजवीकडे मिळते. भीती वाटताच माणूस मागे रेलतो. परंतु त्यामुळे स्कीच्या पुढील भागावरचा भार जातो आणि ताबा सुटतो. म्हणून गुडघे किंचित वाकवून, नडगी बुटाच्या पुढील बाजूस टेकवून, उताराच्या दिशेनेच झुकावे लागते. मनाविरुद्धचा हा झुकाव साधणे, हाच पहिल्या दिवसाचा खरा अभ्यास होय. तोल गेलाच, तर बाजूस पडावे आणि उठण्यापूर्वी स्की उतारास आडव्या कराव्यात. अन्यथा उठता उठताच त्या पुन्हा घसरू लागतात.

अडचण पुढे येते. मुले लवकर शिकतात, पाळण्यात बसून वरच्या उतारावर जातात आणि वडिलांनाही हाका मारतात. मुलांदेखत मागे राहणे, ज्यांचा शब्द दुकानात अखेरचा असतो, त्यांस जड जाते. परंतु स्कीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पुढील व्यक्तीस धक्का न लागू देण्याची जबाबदारी मागून येणाऱ्यावर असते. ज्यास थांबता येत नाही, तो ही जबाबदारी कशी पाळणार? खाली चाललेले मूल दुसऱ्या कोणाचे असते. म्हणूनच वेग आवरणे, वळणे आणि थांबणे जमल्याखेरीज मुख्य उतारावर जाऊ नये.

तोवर प्रशिक्षकासह खालच्या सौम्य उतारावरच सराव करावा. ठरवलेल्या जागी सलग काही वेळा थांबता आले, की प्रशिक्षकास विचारावे आणि त्याने होकार दिल्यावरच पाळण्याकडे वळावे. तोपर्यंत वरून मुलांनी हात हलवला, तर खालून आनंदाने प्रतिसाद द्यावा.